पहिल्या पानावरची मालकीण

गाडी घेतली तेव्हा मला गाडी चालवता येते असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. सरळ रस्त्यावर यायची. वळण आलं की मी मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घ्यायचो, आणि मागे घ्यायची वेळ आली तर खाली उतरून लोकांना ढकलायला सांगायचो. लोकही चांगले होते तेव्हा, ढकलायचे.

साल अठ्ठ्याहत्तर असेल, नाहीतर एकोणऐंशी. मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या कालव्यांच्या नकाशांवर पारदर्शक कापड अंथरायचं आणि तेच कालवे पुन्हा काढायचे. स्वतःच्या डोक्यानं काही करायचं नाही, हा त्या नोकरीचा मुख्य नियम, आणि तो मी घरीही पाळत असे असं माझ्या बायकोचं म्हणणं. खात्याच्या जमिनीच्या खटल्यांमुळे गंगापूर रोडच्या एका वकीलसाहेबांशी ओळख झाली होती. त्यांचा नव्या गाडीसाठी नंबर लागला आणि जुनी विकायला निघाली. फिक्कट हिरवी, गोल पाठीची, दुरून कासवासारखी दिसणारी. मी बघायला म्हणून गेलो आणि घेऊन आलो.

वकीलसाहेबांनी गाडीचं आरसी बुक दिलं, नाव बदलायच्या फॉर्मवर झोकात सही ठोकून दिली, खाली दोन रेघा, त्याखाली टिंब. घरी आल्यावर बायकोनं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. ते आरसी बुकही पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, वर एक झेंडूचं फूल. मी हात जोडले. एवढी पूजा झाली, पण ते पुस्तक उघडून कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते फूल काढून पुस्तक कपाटात ठेवलं आणि चार महिने सुखानं गाडी फिरवली.

एक दिवस वकीलसाहेबांनी मला अशोकस्तंभाजवळ वळताना बघितलं असावं. संध्याकाळी स्वतः आमच्याकडे पंचवटीत आले.

"अहो, गाडी नावावर करून घ्या आता."

"करतो की. घाई काय?"

"घाई मला आहे. तुम्ही कोणाला उडवलंत तर समन्स माझ्या घरी येईल."

म्हणून मी किरकोळ रजा टाकली आणि आरटीओत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पुस्तकावरचं वाळलेलं कुंकू झटकलं, पहिलं पान उघडलं, माझा फॉर्म बघितला, मग मला बघितलं.

"ही सही कोणाची?"

"मालकांची."

"मालकांची कशी? गाडी बाईंच्या नावावर आहे."

त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. जुन्या वळणदार अक्षरात एका बाईचं नाव होतं. आडनाव वकीलसाहेबांचं नव्हतं. पत्ता येवल्याचा. खाली त्या बाईची सही, गोलगोल, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली. नाव मी इथं सांगणार नाही; का नाही, ते पुढे कळेलच.

"यांना घेऊन या. यांची सही लागेल," कारकून म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

बाहेर कडुलिंबाखाली फॉर्म भरून देणारा एक एजंट बसायचा. त्याला मी सल्ला विचारला. त्यानं तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"वकिलांची गाडी, येवल्याची बाई," तो म्हणाला. "साहेब, आता काय सांगू? समजून घ्या."

मी समजून घेतलं. इतकं समजून घेतलं की तीन दिवस मला कालवे नीट काढता आले नाहीत. येवला म्हटलं की पैठणी, पैठणी म्हटलं की ती नेसलेली कोणीतरी, ती माडीच्या खिडकीत उभी, आणि खाली माझीच हिरवी गाडी येऊन थांबते आहे. वकीलसाहेब उतरताहेत. एवढा कपाळाला गंध लावणारा माणूस! मी बायकोला सांगितलं.

"भलतंच काय बोलता? सरळ विचारा त्यांना."

"एका भल्या माणसाला असं तोंडावर कसं विचारायचं?"

"मग माझं डोकं कशाला खाता?"

यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं किंवा सरळ विचारावं. मी तिसरंच केलं. वकीलसाहेब कोर्टात असतील अशी वेळ बघून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीकडून हळूच माहिती काढायची, तिला न दुखवता, असा माझा बेत.

वहिनींनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, चहा टाकला. चाळिशीच्या, शांत, घरात असूनही चापूनचोपून पदर घेतलेल्या. आतापर्यंत त्या मला फक्त पाण्याचा तांब्या ठेवून आत जाताना दिसल्या होत्या. त्या समोर बसल्यावर मी घसा साफ केला.

"वहिनी, वकीलसाहेबांचं येवल्याकडे... काही जाणंयेणं असायचं का हो? पूर्वी?"

"असायचं की. दर दिवाळीला."

मी कपाळाचा घाम पुसला. "दर दिवाळीला? आणि तुम्हाला ते... चालायचं?"

"न चालायला काय झालं? त्यांना तर कंटाळा असायचा. मीच ओढून न्यायची."

जग फार पुढे गेलं आहे आणि आपण पंचवटीतच राहिलो, असं मला वाटलं. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. मागे घेणं मला एरवीही जमत नसे. पिशवीतून आरसी बुक काढलं, पहिलं पान उघडलं आणि ते नाव वाचलं, सबंध, आडनावासकट.

वहिनींचा बशी धरलेला हात थांबला.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसत होतं. मग मी ते वाक्य बोललो जे आजही आठवलं की रात्री पांघरूण डोक्यावरून घेतो.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. पुरुषाची जात. जुनी गोष्ट असेल. ती बाई आता हयात आहे की नाही कोण जाणे."

त्यांनी आधी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग पदर तोंडाला लावला आणि अंग गदगदायला लागलं. मी पाणी आणायला उठलो. तेव्हा कळलं की त्या हसताहेत.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "ती बाई मीच."

चहा गार झाला, दुसरा आला, आणि मग सगळं कळलं. त्यांचे वडील येवल्याचे, पैठण्यांचे व्यापारी. हाताशी पैसे होते, गाडीची हौस होती, पण ज्योतिषानं सांगितलं की तुमच्या पत्रिकेत वाहनयोग नाही, तुमच्या नावावरची गाडी तुम्हाला लाभायची नाही. एकुलत्या एका मुलीच्या पत्रिकेत मात्र ठसठशीत होता. म्हणून गाडी तिच्या नावावर घेतली. ती तेव्हा अठरा वर्षांची. दोन वर्षांनी लग्न होऊन ती नाशिकला आली. गाडी वडील असेपर्यंत येवल्यातच होती, नंतर जावयाकडे आली. टॅक्स दरवर्षी वकीलसाहेबांचा कारकून भरायचा. लोकांच्या सातबाऱ्यावरची चार पिढ्यांची नावं तोंडपाठ असलेल्या माणसानं आपल्या गाडीचं पहिलं पान कधी उलटलं नव्हतं.

"आडनाव बदलतंच," मी म्हणालो, "पण पहिलं नाव?"

"सासूबाईंचं आणि माझं नाव एकच होतं. घरात दोघींचं एक नाव कसं चालणार? आणि सुनेला हाक मारताना सासूचं नाव तोंडात येणार. म्हणून तांदळाच्या ताटात अंगठीनं हे दुसरं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि तेव्हापासून मी ही." मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या मंडळींचं नाही बदललं?"

"बदललं की. मीच लिहिलं तांदळात."

"आधीचं काय होतं?"

मी लगेच सांगितलं. अभिमानानं सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन हा सगळा किस्सा मी बायकोला रंगवून सांगितला, आणि हेही सांगितलं की बघ, मला तुझं माहेरचं नाव कसं पटकन आठवलं. तिनं विचारलं, काय सांगितलंत? मी सांगितलं.

"ते माझ्या थोरल्या बहिणीचं," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात माझ्याशी बोलणं भिंतीमार्फत चालू होतं. "ज्यांना पाणी हवं असेल त्यांनी घ्यावं." शेवटी मी धुळ्याला मेव्हण्याला कार्ड टाकून विचारलं. उत्तर आलं त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ते नाव म्हणालो. तिनं वळून न बघता भाकरी उलटली. "दादाचं पत्र आलं वाटतं," म्हणाली. पण त्या दिवशी ताटात दोन चटण्या होत्या.

इकडे गाडीचं घोडं अडलेलंच. वहिनी म्हणाल्या होत्या, सही देते, पण ते पुस्तक चार दिवस माझ्याकडे राहू द्या. मी ठेवून आलो. चारचे आठ झाले, आठचे पंधरा. कोर्टाच्या पायऱ्यांवर वकीलसाहेब भेटले, ओशाळलेले.

"ही सही करायला बसते आणि उठते. मी म्हटलं, अगं दोन मिनिटांचं काम. तर म्हणाली, तुम्हाला दोन मिनिटांचं. आता यावर काय आर्ग्युमेंट करणार?"

पुस्तकाविना मी गाडी फिरवत राहिलो. मग व्हायचं ते झालं. रविवार कारंजावर गाडी मधोमध बंद पडली, म्हणजे मीच पाडली, आणि हवालदार आला.

"बुक दाखवा."

"बुक मालकिणीकडे आहे."

"कोण मालकीण?"

"एक बाई आहेत. पण त्या आता त्या नाहीत."

"वारल्या?"

"नाही, नाही. आहेत. गंगापूर रोडला. फक्त त्यांना त्या नावानं कोणी ओळखत नाही."

हवालदारानं माझ्या तोंडाचा वास घेतला. मग तोंड पुसून म्हणाला, "मास्तर, तीन दिवसांत बुक आणून चौकीत दाखवायचं. नायतर गाडी चौकीत लावायची. आणि आता खाली उतरा, ढकला."

मी तसाच चालत गंगापूर रोडला गेलो. वहिनींना हकीकत सांगितली. या वेळी त्या हसल्या नाहीत. आतून पुस्तक घेऊन आल्या. ते स्वच्छ पुसलेलं होतं, वर खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं.

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण काय सांगू? शाळेचा दाखला गोदावरीच्या पुरात भिजून गेला. लग्नाची पत्रिका कोणी ठेवली नाही. वडील गेले, आई गेली, ते नाव माझं म्हणून घेणारं आता कोणी नाही. मी तर विसरलेच होते. तुम्ही त्या दिवशी वाचलंत आणि वाटलं, कोणीतरी दारात येऊन बोलावतंय. आता एवढं एक पान आहे, त्यावर तुम्ही लोक रेघ मारणार."

अशा वेळी माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "वहिनी, मी गाडी परत करतो. तुमच्याच नावावर राहू द्या." बोललो मात्र, आणि बायको काय म्हणेल ते मला ऐकू यायला लागलं.

"परत घेऊन लावू कुठे? फाटकात नवी उभी आहे," त्या म्हणाल्या. पुस्तकावरून एकदा हात फिरवला. "मी येते. पण माझ्यासमोर खोडा. माझ्या माघारी नको."

वकीलसाहेबांनी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र करून आणलं. लग्नाआधीचं नाव अमुक, लग्नानंतरचं नाव तमुक, या दोन्ही व्यक्ती एकच आहेत. वहिनींनी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच हिरव्या गाडीतून निघालो. मी चालवत होतो आणि वकीलसाहेब शेजारी बसून दोन्ही पायांनी नसलेले ब्रेक दाबत होते.

आरटीओच्या बाकावर आम्ही ओळीनं बसलो. बऱ्याच वेळानं शिपाई दारात आला आणि त्यानं पुकारा केला. सबंध नाव, आडनावासकट, सगळ्या आवारात ऐकू जाईल असं.

पहिल्यांदा उठले ते वकीलसाहेब. ताडकन, हात बाजूला ठेवून, एखाद्या पोरासारखे. मग त्यांच्या लक्षात आलं. कोट सारखा करत ते हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "आईचं नाव ते. पाय आपोआप उठले." तोवर वहिनी उठून टेबलापाशी पोचल्याही होत्या.

"तुम्हीच का या?" कारकुनांनी विचारलं.

"हो. मीच."

त्यांनी पेन पुढे केलं. वहिनींनी पदर खोचला, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि लिहायला सुरुवात केली. मी ट्रेसर माणूस, माझं लक्ष रेघेकडे जातं. हात आधी अडखळला, मग एक गोल आला, दुसरा आला, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी कागदावर अशी मोकळी सुटली की जणू कालच कोणी शाईची दौत उघडली होती. कारकुनांनी ती सही पुस्तकातल्या सहीशेजारी धरली. वेगळं काढायला काही नव्हतं. वकीलसाहेबांनी चष्मा वर करून दोन्ही सह्या बघितल्या. त्यांना वाणसामानाच्या यादीतलं वहिनींचं अक्षर माहीत होतं, पत्रांतलं माहीत होतं. हे नव्हतं. ते वाकून बघतच राहिले, शेवटी कारकुनांनी म्हटलं, "वकीलसाहेब, जरा उजेड."

मग पट्टी आणि लाल शाईचं पेन बाहेर आलं.

"न खोडता नाही का होणार?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

कारकुनांनी वर बघितलं. वयस्कर गृहस्थ होते, काय समजले कोण जाणे. "रेघ मारावी लागते, बाई. पण एकच मारायची असते. बारीक. खालचं वाचता आलंच पाहिजे. नाहीतर आधी गाडी कोणाची होती, हे पुढच्या माणसाला कळायचं कसं?"

"वाचता येईल?"

"येईल ना. मारतो, तुम्हीच बघा."

पट्टी ठेवली, एक बारीक लाल रेघ ओढली, टीपकागद दाबला आणि पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं. वहिनींनी ते जवळ ओढलं आणि रेघेखालचं नाव मोठ्यानं वाचलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रांगेतली माणसं बघत होती. खाली कारकुनांनी माझं नाव लिहिलं. माझ्या आयुष्यातली पहिली स्थावर-जंगम जी काय ती मालमत्ता, पण त्या क्षणी मला तिथं आपलं नाव उगाच आल्यासारखं वाटलं, लग्नात अनोळखी माणसानं मधल्या खुर्चीवर बसावं तसं.

परत येताना वकीलसाहेब पुढे बसले नाहीत. मागे, वहिनींशेजारी बसले. गाडी त्र्यंबक नाक्याशी आली. मी आरसा त्यांच्याकडे वळवायला नको होता, पण वळवला.

"माहेरी तुला हे असं सबंध म्हणायचे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"छे. सबंध फक्त शाळेत, हजेरीला."

"मग घरी काय म्हणायचे?"

"आता कशाला?"

"सांग की. ते सबंध नाव माझ्या तोंडून तुझ्यासाठी यायचं नाही, आईचं आहे ते. पण घरचं तर आईचं नाही. ते मला कधी विचारायचं सुचलंच नाही बघ."

मग वहिनींनी सांगितलं. दोन अक्षरं. मी ऐकलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून लिहीत नाही. बायकोनं नंतर कितीदा खोदून विचारलं, तिलाही सांगितलं नाही.

वकीलसाहेबांनी ते म्हणून बघितलं.

"असं नाही," वहिनी म्हणाल्या. "शेवट जरा ओढायचा. वडील ओढायचे."

त्यांनी ओढला. उलटतपासणीत साक्षीदाराला हाक मारावी तसा.

"अगंबाई, कसलं बेसूर!" वहिनी हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं.

माझं लक्ष आरशात. पाय क्लचवरून सुटला, गाडीनं दोन आचके दिले आणि भर चौकात बंद पडली. मागून ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला. एरवी वकीलसाहेबांनी मला गिअर, क्लच आणि माझी अक्कल यांबद्दल चार गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या दिवशी त्यांना हॉर्न ऐकूसुद्धा आला नाही. ते आणखी एकदा म्हणून बघत होते.